पोटखराब जमिनीचें वैभव



ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं, तिला आपल्या महसुली दप्तरांत ‘पोटखराब’ म्हणतात. दलदल, पाणथळ, खडकाळ सडा यांची वासलात बहुधा याच सदराखालीं लागते. शेतसाऱ्याच्या दृष्टीनें तें योग्यही असेल; परंतु सृष्टीच्या दप्तरांत या जमिनीची नोंद अगदीं निराळी आहे, आणि तीच आज आपणांस वाचून दाखविण्याचा माझा मानस आहे.

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरवर कासचें पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंचीवरील या पठारावर जांभ्या दगडाचा थर असून त्यावर मातीचें आवरण अतिशय पातळ आहे. वैशाखांत तेथें पाय भाजतात. पण पाऊस स्थिरावला कीं खडकाच्या खळग्यांत पाणी साचतें आणि सर्वत्र पाणथळ होते.

या पाणथळींत पाणी विपुल, पण अन्न थोडें. संततधार पावसानें मातींतील क्षार धुऊन जातात, आणि वनस्पतींना अत्यावश्यक असा नत्र तेथें फारच अल्प उरतो. हंडे भरलेले, पण कणगी रिकामी, असा हा संसार! कांहीं वनस्पतींनीं त्यावर जो उपाय योजला आहे, तो पाहून मति गुंग होते.

दंवबिंदु नांवाच्या इवल्याशा वनस्पतीच्या पानांवर तांबूस केस असतात, व प्रत्येक केसाच्या टोकाशीं चिकट रसाचा थेंब चकाकत असतो. एखादें चिलट त्यावर बसलें कीं तें चिकटतें. भोंवतालचे केस हळूहळू त्यावर वांकतात, पाचक रस स्रवतो, आणि कीटकाच्या देहांतील नत्र पान शोषून घेतें. पानाचेंच पोट होतें म्हणा ना! चार्लस डार्विन यानें या जातीच्या वनस्पतींवर अनेक प्रयोग करून १८७५ सालीं कीटकभक्षक वनस्पतींविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मांसाचा कण दिला तर पान तो पचवितें, आणि काचेचा कण दिला तर लवकरच सोडून देतें, असें त्याला आढळलें.

तेथेंच ‘सीतेचीं आसवें’ फुलतात. निळसर जांभळ्या फुलांना लोकांनीं हें करुण नांव दिलें. पण खालीं ओल्या मातींत या वनस्पतीच्या सूक्ष्म पिशव्या दडलेल्या असतात. पिशवीच्या दारावरील केसांस जलजंतूचा स्पर्श होतांच दार उघडतें, आणि एका सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत तो जंतु पाण्यासह आंत ओढला जातो.

तिसरा रहिवासी वायतुरा. त्याच्या तुऱ्यास इंग्रजी ‘वाय’ अक्षराप्रमाणें दोन फांटे असतात. त्याच्या शास्त्रीय नांवांत साताऱ्याचा उल्लेख आहे, आणि सह्याद्रीबाहेर तो जगांत कोठेंही आढळत नाहीं. पाऊस सरला कीं पानें जातात आणि कंद मातींत निद्रिस्त राहतो.

येथेंच खरा धोका आहे. उन्हाळ्यांत पाहणाऱ्यास हा सडा ओसाड दिसतो. बोटभर मातींत निजलेले कंद व बीजें त्यास दिसत नाहींत. मग कोंकणांतील सड्यांवर जांभ्याच्या खाणी निघतात, सुरुंग लावून बागांसाठीं खड्डे पाडले जातात. एकदां माती खरवडली आणि पाण्याची वाट बदलली, म्हणजे पुढील पावसाळा येतो. पण फुलें येत नाहींत.

आयर्लंडसारख्या देशांत दलदलींतील शेवाळ आम्ल पाण्यांत पुरतें कुजत नाहीं. त्याचे थर साचून पीट बनतें, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं तें खणून चुलींत जाळलें. जगाच्या जमिनीचा सुमारें ३ टक्के भाग अशा पीटभूमीचा आहे. पण सर्व अरण्यांतील वृक्षांत सांठलेल्या कार्बनाहून अधिक कार्बन तिच्या पोटांत आहे, आणि ती कोरडी केली कीं तो हवेंत जाऊं लागतो. हें ज्ञान तेथेंही उशिरांच झालें.

२०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळांपैकीं एक म्हणून कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. पण मानपत्रानें माती टिकत नाहीं. आपण मुलाबाळांसह तेथें जाल, तेव्हां पायवाट सोडूं नका, फूल खुडूं नका, आणि शक्य तर गुडघे टेकून पाहा. तेथील पुष्कळसें वैभव उभ्यानें दिसण्याजोगें नाहीं.