शाळेची परसबाग आणि तिचे राखणदार

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या आवारात चार वाफे तयार करून त्यांत मेथी, पालक, चवळी लावणे ही गोष्ट प्राथमिक शाळांस नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हातांच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार महात्मा गांधींनी मांडला आणि त्यानंतर मूलोद्योगाच्या शाळांतून कुदळ व झारी यांना पाटीपेन्सिलीच्या शेजारी जागा मिळाली. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. बागेतील भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात पडावी, हा त्यांचा हेतू होता. तेव्हा शाळेला बाग असावी की नसावी, हा वादाचा विषय राहिलेला नाही. त्या बागेत काय शिरू द्यावे आणि काय शिरू देऊ नये, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

एखाद्या द्विशिक्षकी शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पावसाळा सरत आला आहे, चवळीचे वेल कुडावर चढले आहेत आणि मुले रोज नव्या शेंगा मोजीत आहेत. एके सकाळी कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाट चिकटलेला दिसतो. पाने आकसली आहेत, हाताला चिकटा लागतो आहे आणि मुंगळ्यांची रांग वेलावर चढउतार करीत आहे. दोन महिन्यांची मेहनत वाया जाणार, ह्या भीतीने मुलांची तोंडे उतरतात. तोच चौथीतला एक मुलगा पुढे होऊन म्हणतो, “गुरुजी, आमच्या घरी औषध आहे. बाटलीत थोडे घेऊन येऊ का?”

मुलाच्या मनात काही वाईट नाही. शाळेच्या बागेला उपयोगी पडावे, एवढीच त्याची इच्छा आहे. परंतु गुरुजी ह्या प्रश्नाचे काय उत्तर देतात, त्यावर त्या बागेचे सारे शिक्षण अवलंबून आहे.

प्रथम ‘औषध’ ह्या शब्दाचाच विचार करावा. फवारणीच्या विषाला खेड्यापाड्यांतून सर्रास औषध म्हणतात. ज्या शब्दाने आई तापातल्या लेकराला गोळी देते, त्याच शब्दाने कोपऱ्यातली विषाची बाटली ओळखली जाते. मोठ्या माणसाला त्यातला भेद कळतो, परंतु सहा वर्षांच्या मुलाला तो कळेलच असे नाही. आणि बाटली रिकामी झाली म्हणजे तिच्यातले विष संपले, असेही नाही.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेचे दुपारचे जेवण घेऊन २३ मुले दगावली. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक त्या अन्नात मिसळले गेल्याचे तपासणीत आढळले. ह्याच विषाचा भाज्यांवर वापर करण्यास देशात २००५ सालीच बंदी झाली होती. कायदा झाला तरी बाटली घरात, दुकानात वा कोठारात राहते आणि नजरचुकीने स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, हा त्या दुर्दैवी घटनेचा धडा होय. म्हणून शाळेच्या आवारात कीटकनाशकाची बाटली, डबा अथवा पुडी, भरलेली असो वा रिकामी, कोणत्याही कारणाने येता कामा नये. हा नियम बागेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

यासोबत एक वाचनपाठही द्यावा. कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक रंगीत खूण छापलेली असते. लाल रंग अतितीव्र विषाचा, पिवळा त्याखालचा, निळा मध्यम व हिरवा सौम्य विषाचा. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा समज मुलांचा होऊ देऊ नये; तेही विषच होय. फळ्यावर चार रंगांच्या खुणा काढून हा पाठ पंधरा मिनिटांत होतो. ज्या घरात लिहिणेवाचणे येणारे मूल एकच असेल, त्या घराला ह्या पंधरा मिनिटांचा उपयोग जन्मभर होईल.

परंतु नुसता मज्जाव करून मावा जात नाही. मुलाला नकार दिल्यावर गुरुजींनी दुसरी वाट दाखविली पाहिजे. ती वाट म्हणजे आठ दिवस पाहणे.

माव्याने ग्रासलेल्या एका शेंड्याला दोरा बांधावा व मुलांनी रोज सकाळी तो निरखावा. पहिल्या दोन दिवसांत मावा वाढेल, कारण त्याची मादी नराविना थेट पिलांना जन्म देते आणि ती पिले थोड्याच दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. पुढे बहुधा तांबूस, ठिपक्यांचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा ढालकिडा शेंड्यावर दिसू लागेल. त्याने पानामागे घातलेल्या पिवळ्या अंड्यांतून काळसर, नारिंगी खुणांची, सुसरीच्या आकाराची बारीक अळी निघते. हीच माव्याचा मोठा शत्रू. वाढीच्या काळात एकएक अळी शेकडो मावा फस्त करते. दुर्दैव असे, की ती दिसायला ओंगळ असल्याने मुले, आणि कित्येकदा मोठी माणसेही, तिलाच कीड समजून चिरडतात. केसासारख्या बारीक देठावर उभे असलेले पांढरे अंडे दिसले, तर ते क्रायसोपाचे समजावे. त्याची अळीही मावाच खाते.

विष फवारले असता काय होते, हे आता मुलांना सांगता येईल. त्याने मावा मरतो आणि ढालकिडाही मरतो. मागे राहिलेला थोडा मावा झपाट्याने वाढतो, परंतु ढालकिड्याची पिढी तयार व्हावयास बराच अधिक काळ लागतो. मधल्या काळात बागेला राखणदार उरत नाही आणि पुन्हा बाटलीची आठवण होते. एकदा हात घातला की तो काढता येत नाही, अशी ही गत आहे. अर्थशास्त्रातील कर्ज आणि व्याज यांचा हिशेब मुलांना जितका लवकर समजतो, तितकाच हाही समजेल.

परागीभवनाचा पाठ याहून सोपा आहे. लाल भोपळ्याच्या वेलावर नरफूल व मादीफूल वेगवेगळे असते. मादीफुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एका मादीकळीवर सायंकाळी पातळ फडक्याची पिशवी बांधावी आणि फूल मिटेपर्यंत ती सोडू नये. शेजारचे दुसरे मादीफूल मोकळे ठेवावे. बांधलेल्या फुलामागचा भोपळा काही दिवसांत पिवळा पडून गळतो. मोकळ्या फुलावर सातेरी अथवा फुलोरी मधमाशी येऊन गेली असेल, तर त्याचा भोपळा धरतो. वांग्याच्या फुलाला बिलगून गुणगुणणारा काळा भुंगा फुलाला हादरे देऊन पराग पाडतो, हेही दाखवावे. दोडक्याचे फूल सायंकाळी उमलते आणि रात्रीचे पतंग त्याच्याकडे येतात. म्हणजे शाळा सुटल्यावरही बागेत काम चालू असते आणि त्या कामकऱ्यांना वेतन लागत नाही. फक्त त्यांना मारू नये, एवढीच त्यांची अट असते.

अशा पाहुण्यांना राहावयास जागा द्यावी लागते. बागेच्या एका कडेला झेंडू, तुळस व बडीशेप फुलू द्यावी. झेंडूचा आणखी एक उपयोग असा, की टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांकडेही ओढला जाऊन तेथे अंडी घालतो. त्या कळ्या खुडून टाकल्या म्हणजे टोमॅटोवरचा भार हलका होतो. वाफ्यांमध्ये आडवी काठी बांधलेले दोन खांब रोवले की कोतवाल व साळुंकी त्यांवर बसून अळ्या टिपतात. पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवून त्यात एक दगड टाकावा, म्हणजे मधमाशीला बुडण्याचे भय राहत नाही. ते पाणी मात्र रोज बदलावे, नाहीतर त्यात डास होतात. पिंगळा व घुबड उंदीर खातात. घुबडाला अशुभ मानून दगड मारण्याची चाल जेथे असेल, तेथे ह्या पाठाची विशेष गरज आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. पालापाचोळा, लाकडे व दगड यांचे ढीग जसे बेडूक व सरड्यांना आवडतात, तसेच ते सापालाही आवडतात. धामण बिनविषारी असून उंदरांवर जगते हे खरे. तथापि कोणता साप कोणता, ही परीक्षा मुलांनी करावयाची नाही. असे ढीग वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व खेळाचे मैदान यांपासून दूर ठेवावेत आणि त्यांत हात घालण्याचे काम मुलांकडे देऊ नये.

बागेचे मूळ बळ मातीत असते. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेत होते. तेथे त्यांनी शेतातील काडीकचरा कुजवून खत करण्याची पद्धत बसविली आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली तीविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. आशियातील शेतकऱ्यांच्या परंपरागत रीतींपासून आपण पुष्कळ शिकलो, असे हॉवर्ड मानीत. ती इंदूर पद्धत शाळेला आजही जमण्यासारखी आहे. वाळला पाला, ओला पाला, शेण व थोडी माती यांचे थर द्यावेत, ओल राखावी आणि ढीग अधूनमधून वरखाली करावा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. भाजी निवडून उरलेली देठे व आवारातील पाला ह्यांना मग कचरा म्हणण्याचे कारण राहत नाही. जेवणापूर्वी मुले हात धुतात ते पाणी चरीतून केळी व अळूकडे वळवावे.

इतके करूनही कीड वाढलीच, तर पायरीपायरीने जावे. प्रथम हाताने वेचावी व माव्याने भरलेले शेंडे खुडावेत. नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. तेवढ्याने न भागले, तर ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळून तो अर्क सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर, केवळ लागण झालेल्या भागावर शिक्षकाने स्वतः फवारावा. त्यानंतर दोनतीन दिवस तेथील भाजी तोडू नये आणि तोडलेली नीट धुऊन घ्यावी. तंबाखूचा काढा मात्र वापरू नये. तो घरी केलेला असला तरी त्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे. घरचे ते सारे निर्धोक, हा समजही बाटलीइतकाच फसवा असतो.

बियाण्याची गोष्टही विसरू नये. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपण्याचे काम उभे केले. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वेलावरचा पहिला, निरोगी दोडका भाजीसाठी न तोडता बियाण्यासाठी राखावा, सुकवावा, बी राखेत घोळून मडक्यात ठेवावे आणि मडक्यावर मुलाचे नाव लिहावे. पुढल्या वर्षी तेच मूल ते बी लावील. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत वाफे सुकतात, ही सर्वत्र असणारी अडचण आहे. म्हणून आवाराच्या कडेने शेवगा, कढीपत्ता व लिंबू ही टिकाऊ झाडे आधी लावावीत. कढीपत्त्याची काही पाने फुलपाखराच्या अळ्या खातील. त्या खाऊ द्याव्यात. बागेतील दहातला एक घास दुसऱ्याचा, हा हिशेब मुलांना लवकर पटतो.

आता पुन्हा त्या चौथीतल्या मुलाकडे यावे. त्याला उत्तर देताना त्याच्या वडिलांचा अवमान होणार नाही, याची काळजी घेतली पाहिजे. शेतकरी फवारतो तो हौसेने नव्हे. डोक्यावर कर्ज असते आणि उभे पीक डोळ्यांदेखत जात असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. ह्या विषाचा पहिला घाव फवारणाऱ्याच्याच अंगावर पडतो. त्यांची चूक काढणे हे शिक्षकाचे काम नाही. शाळेची बाग चार वाफ्यांची आहे. ती फसली तर कोणाचे घर बुडत नाही. म्हणूनच जो प्रयोग करण्याची जोखीम शेतकऱ्याला परवडत नाही, तो शाळेने करून दाखवावा.

तेव्हा गुरुजींनी त्या मुलाला इतकेच सांगावे, “बाळ, ते औषध नव्हे, ते विष आहे. ते घरीच, धाकट्या भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवायला सांग. आणि उद्या येताना दोरा घेऊन ये. आपल्याला एक शेंडा आठ दिवस पाहायचा आहे.”

नवव्या दिवशी मावा पूर्ण जाईलच, असे आश्वासन देता येत नाही. काही शेंगा जातीलही. परंतु ज्या ताटात त्या शेंगांची भाजी पडावयाची, ते ताट निर्धोक राहील. आणि बाटलीकडे हात जाण्यापूर्वी पानाची मागची बाजू उलटून पाहण्याची सवय एका मुलाला लागलेली असेल. ते मूल सायंकाळी घरी जाऊन बापाला कपाशीचे पान उलटून दाखवील, तेव्हा शाळेच्या चार वाफ्यांचे काम शिवारापर्यंत पोहोचले, असे समजावे.