सालोसालची तुलना : यंत्राची आणि कामगाराची



वसंतात विद्वानांनी व्यासपीठावरून बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी आजवरची वहिवाट. यंदा चालकांनी ती मोडली, याबद्दल त्यांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण फार पुढे गेले नाही. पुढचे जे काही झाले ते मागावर, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. ज्या आकड्यांवर कामगाराची भाकरी ठरते, ते आकडे आता यंत्र कसे मांडते आणि आपण ते कसे वाचावेत, एवढाच आमचा विषय आहे.

“गेल्या सालापेक्षा यंदा काय?” हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. ज्वारी गेल्या साली काय भावाने घेतली, यंदा काय भाव आहे. घरभाडे किती वाढले. पगार किती वाढला. सुगीनंतरच्या ज्वारीच्या भावाची तुलना कोणी श्रावणातल्या भावाशी करीत नाही, गेल्या सुगीच्या भावाशी करतो. हंगामी चढउतार बाजूला ठेवून खरी वाढ पाहायची तर माघाची गाठ माघाशीच घातली पाहिजे. घरची बाई हे शास्त्र न शिकता जाणते. सरकारी अहवालांत ‘मागील वर्षाच्या याच महिन्याच्या तुलनेत’ असे जे वाक्य येते ते हेच.

पूर्वी ही तुलना कारकून करीत. मोठाली वह्यापुस्तके उघडून, दोन आकडे शोधून, वजाबाकी व भागाकार करून ते तक्ता लिहीत. आता हे काम यंत्र करते, आणि ते कसे करते हे समजायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. आपल्या चादरीचे जेकार्ड आठवा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढते. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, आणि मोर असो, वेल असो, नक्षी आपोआप उमटते. फ्रान्समधील ल्यों शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुढे १८९० सालच्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याने भोकांच्या पत्त्यांवर माणसांची मोजदाद केली. आजच्या संगणकाच्या पूर्वजांत आपल्या मागाचीही गणना होते, हा अभिमान आपण जरूर बाळगावा.

तुलनेचे पान विणणारे यंत्रही असेच चालते. आधी एक कोष्टक लागते. त्याच्या प्रत्येक ओळीत ठरलेल्या रकान्यांत ठरलेल्या गोष्टी असतात : केंद्र सोलापूर, साल अमुक, महिना अमुक, निर्देशांक अमुक. दुसरा लागतो तो साचा. आपल्या पगारपत्रकात जशा मोकळ्या जागा सोडलेल्या असतात तसाच हा साचा : ‘____ केंद्राचा निर्देशांक गेल्या वर्षीच्या ____ महिन्यात ____ होता, यंदा तो ____ झाला, म्हणजे ____ टक्के ____.’ यंत्र कोष्टकातून त्याच केंद्राची, त्याच महिन्याची, पण एक साल मागची ओळ शोधते, वजाबाकी करते, मागच्या आकड्याने भागते, शंभराने गुणते, आणि उत्तर शून्याहून अधिक आले तर शेवटच्या जागी ‘वाढला’ व उणे आले तर ‘घटला’ असा शब्द बसवते. साचा म्हणजे पुठ्ठ्यांची माळ, कोष्टक म्हणजे सूत. एकदा माळ बांधली की देशातल्या सगळ्या केंद्रांची, सगळ्या महिन्यांची पाने चहा निवायच्या आत तयार होतात.

या सोयीचे आम्ही स्वागत करतो. कामगारचळवळीने यंत्राला भ्यावे असे आमचे मत नाही. परंतु सूत कच्चे असेल तर जेकार्डला ते कळत नाही. ते तशाच डौलात मोर विणते. हे ध्यानात धरून आपण आपल्या निर्देशांकाकडे येऊ.

सोलापूरचे नाव या बाबतीत जुने आहे. मुंबई इलाख्याच्या कामगार कचेरीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इथल्या गिरणीकामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, आणि १९२७-२८ हे साल १०० धरून सोलापूरचा स्वतंत्र निर्वाहखर्च निर्देशांक काढला जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोने १९५८-५९ मध्ये ५० औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांची पाहणी करून १९६० = १०० ही मालिका सुरू केली; सोलापूर तिच्यात होते. पुढे १९८२, २००१ व २०१६ असे पाये बदलत गेले. २०१६ च्या मालिकेत ८८ केंद्रे आहेत आणि ३१७ बाजारांतून भाव गोळा होतात. त्यांतही सोलापूर आहेच.

निर्देशांक म्हणजे एक टोपली. कामगाराच्या घरी काय काय लागते ते पाहणीत ठरवायचे, प्रत्येक वस्तूला खर्चातल्या वाट्याप्रमाणे वजन द्यायचे, आणि पायाच्या साली ती टोपली १०० रुपयांना पडत असेल तर आज किती रुपयांना पडते ते सांगायचे. देशाच्या टोपलीत अन्नाचे वजन २००१ च्या मालिकेत शंभरात ४६ होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९ झाले. भाडे, औषध, शिक्षण, प्रवास यांचा वाटा वाढला. म्हणजे पाया बदलतो तेव्हा आकड्याबरोबर टोपलीही बदलते.

आता यंत्राची परीक्षा घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये देशाचा निर्देशांक ३३८ होता. हा २००१ च्या पायावरचा. सप्टेंबर २०२० पासून २०१६ चा पाया लागू झाला आणि त्या महिन्याचा आकडा आला ११८.१. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरचा आकडा होता ३२२. कोष्टकात पायाचा रकाना नसेल तर यंत्र काय लिहील? ‘निर्देशांक ६३ टक्के घटला.’ टाळेबंदीत कामगार हवालदिल झालेला, तेल-डाळीचे भाव चढलेले, आणि पान म्हणते की स्वस्ताई आली! यंत्राने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर. चुकली ती सोयरीक. गजाने मोजलेल्या कापडाची मीटरने मोजलेल्या कापडाशी गाठ घातली गेली.

यावर उपाय आहे, आणि त्याला जोडगुणक म्हणतात. २००१ व २०१६ या मालिकांसाठी देशाचा जोडगुणक २.८८ आहे. ११८.१ ला २.८८ ने गुणले की ३४०.१ येतात. आता ३४०.१ ची तुलना ३२२ शी करा. वाढ निघते ५.६२ टक्के. ६३ टक्के घट कुठे आणि साडेपाच टक्क्यांवर वाढ कुठे! मधला फरक एका दुव्याचा आहे. प्रत्येक केंद्राचा जोडगुणक वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावे. देशाचा गुणक सोलापूरच्या आकड्याला लावून चालत नाही.

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. बिडी वळणारी बाई, यंत्रमागावरचा कामगार, कारखान्यातला मदतनीस यांच्या किमान वेतनाला विशेष भत्त्याची जोड असते. आपल्या राज्यात तो जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा सहामाही हिशेबाने ठरवण्याची पद्धत रुळली. अधिसूचनेत एक पायाभूत निर्देशांक लिहिलेला असतो, आणि त्यावर चढलेल्या प्रत्येक अंशामागे ठरावीक रक्कम धरली जाते. जुन्या मालिकेवर बेतलेल्या या हिशेबात नव्या मालिकेचा अंश तसाच घातला तर काय होईल? देशाच्या आकड्यांत नव्या मालिकेचा एक अंश म्हणजे जुन्याचे जवळजवळ तीन. तीन अंशांचे पैसे द्यायचे तिथे एकाचेच हातात पडतील. कोणी पाकीट मारलेले नसेल, कोणी दमदाटी केलेली नसेल, आणि तरी घरात तेवढे तेल कमी येईल.

काही वर्षांपूर्वी एका भत्त्याच्या तंट्यात समोरच्या पक्षाने आमच्यापुढे असाच एक सुबक तक्ता ठेवला. दोन मालिकांचे आकडे एकाच रकान्यात, एकाखाली एक. हिशेबनीस म्हणाले, “हे आमचे मत नाही हो, संगणकाने काढलेले आहे.” आम्ही विचारले, “संगणकाला पाया कोणी सांगितला?” त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या माणसांनी भांडण केले नाही. तक्त्यात ‘पाया’ असा एकच रकाना वाढवून मागितला. तो भरताच तंट्याचे निम्मे कारण उरले नाही.

आकड्यांवरून असा वाद होणे हे काही आजचे नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांनी त्यांच्या निर्देशांकाविषयी अविश्वास दाखवला तेव्हा, १९६३ साली, महाराष्ट्र सरकारने प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने तपास केला आणि निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवीत आहे, तो दुरुस्त केला पाहिजे, असा निर्वाळा दिला. त्या काळी संगणक नव्हता, कारकूनच होते. तात्पर्य, आकडा हाताने काढला काय आणि यंत्राने काढला काय, तो तपासून पाहण्याचा हक्क कामगाराने सोडता कामा नये.

दुसरी फसगत शब्दांची होते. जानेवारी २०२३ मध्ये देशाची सालोसालची महागाई ६.१६ टक्के होती, जानेवारी २०२४ मध्ये ४.५९ टक्के. साचा लिहितो, ‘महागाई घटली.’ वाचणारा समजतो, भाव उतरले. पण निर्देशांक पाहा : १३२.८ वरून तो १३८.९ वर गेला आहे. भाव चढलेच, फक्त चढण्याचा वेग मंदावला. जिना चढणारा माणूस दमून हळू चालू लागला म्हणून तो खाली उतरला असे आपण म्हणत नाही. म्हणून पानावर टक्का छापला असेल तर त्याच्या शेजारी मूळ दोन्ही आकडे छापलेले असलेच पाहिजेत.

तिसरी फसगत मागच्या सालाची. तुलनेत आपले सगळे लक्ष यंदावर असते, पण गेले साल कसे होते हे कोण पाहतो? एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशाच्या औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक सुमारे ५४ पर्यंत कोसळला. एप्रिल २०२१ मध्ये तो सुमारे १२६ झाला. यंत्राच्या हिशेबाने वाढ १३४ टक्के! पण आणखी एक साल मागे जा. एप्रिल २०१९ मध्येही तो १२६ च्या आसपासच होता. दोन वर्षांत उत्पादन होते तिथेच राहिले. खड्ड्यातून वर येण्याला डोंगर चढणे म्हणायचे का, हे साच्याला समजत नाही; ते माणसाने सांगावे लागते.

लांबचा हिशेबही या दुव्यांवरच चालतो. १९६० ते १९८२ चा देशाचा जोडगुणक ४.९३, १९८२ ते २००१ चा ४.६३, आणि त्यानंतरचा २.८८. तिन्हींचा गुणाकार केला आणि जानेवारी २०२४ चा १३८.९ त्याला लावला, तर १९६० साली १ रुपयाला भागणाऱ्या गरजेला जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ९१ रुपये लागले असे निघते. टोपल्या बदलत गेल्या, म्हणून हा आकडा अंदाजाचाच धरावा. पण आजोबा आपला जुना पगार सांगू लागले की नातवाने हसण्यापूर्वी त्याला ९१ ने गुणून पाहावे.

मग आपण करावे काय? आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली : जिथे जिथे यंत्र सालोसालची तुलना लिहिते, तिथे प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा पाया कोष्टकातच नोंदलेला असावा, आणि दोन पाये वेगळे असतील तर जोडगुणक लावल्याखेरीज यंत्राने तुलना करूच नये. दुसरी : आकडा मिळाला नसेल तर जागा रिकामी ठेवून तसे लिहावे, तिथे शून्य टाकू नये, अंदाज घालून ती गुपचूप भरू नये. रिकामी जागा निदान खरे बोलते. तिसरी : वाचणाऱ्याला उलटा हिशेब करून पाहता येईल इतके सगळे पानावर असावे. या तिन्ही गोष्टी यंत्राला सहज जमण्याजोग्या आहेत. माळ बांधणाऱ्याने त्या मनावर घेतल्या पाहिजेत, इतकेच.

आणि आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. या सभागृहात संगणक शिकणारी मुलेमुली बसली आहेत; त्यांतली कित्येक विणकरांच्या आणि बिडीकामगारांच्या घरची आहेत. उद्या ही माळ तेच बांधणार आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ कामगारवस्तीत काढावी, आपल्या शहराच्या निर्देशांकाचा तक्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा आणि वजाबाकी, भागाकार आयाबायांकडून करवून घ्यावा. ज्या बाईला एका दिवसात हजार बिड्यांचा हिशेब तोंडपाठ असतो, तिला टक्का काढणे जड जाणार नाही. पगाराच्या दिवशी हातात आलेला कागद तिने स्वतः ताडून पाहिला, तर त्या दिवशी तिला संघटनेची चिठ्ठीदेखील लागणार नाही. आणि संघटनेचे काम नीट झाले, असे आम्ही तेव्हाच समजू.