लहानपणी जोडलेली अन्ननलिका
गोराईच्या श्रोतेहो, सुमारे तीन-चार हजार जन्मांमागे एखाद्या बाळाची अन्ननलिका जन्मतःच तुटलेली असते. १९४१ मध्ये अमेरिकेत डॉ. कॅमेरॉन हाइट यांनी ती थेट जोडण्यात यश मिळवलं. आज परळच्या वाडिया बालरुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते.

पण जोडलेली नळी मोठेपणीही नीट आकुंचन पावत नाही. जठरातलं आम्ल वर येतं आणि काहीच त्रास जाणवत नसताना आतलं अस्तर बदलू शकतं. म्हणून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की प्रौढपणीही दर पाच-दहा वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी हवीच.

बालरुग्णालय सुटलं की पाठपुरावा तुटतो, माझी काळजी तीच आहे. भाकरीचा घास अडकतो, पाण्याने उतरवायची सवय होते. आईवडिलांनो, शस्त्रक्रियेचे जुने कागद मुलांच्या हाती द्या. घास वारंवार अडकत असेल, तर खाडी ओलांडून बोरिवलीत पोटविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.