वहीला पुढचं ठाऊक नसतं



बऱ्याच मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी एक वही सापडते. कधी ती लाल कापडी बांधणीची असते, कधी बँकेनं नाहीतर विमा कंपनीनं फुकट दिलेली डायरी. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली बरोबर न्यायच्या सामानाची यादी: होल्डॉल, फिरकीचा तांब्या, स्टोव्ह, स्टोव्हची पिन, दशम्या, कुलपं दोन. पुढे स्टेशनांची नावं, गाड्यांच्या वेळा आणि रोजचा खर्च. आईवडिलांच्या हातची ही प्रवासाची वही मुलं मोठ्या उत्सुकतेनं उघडतात आणि दहा मिनिटांत हिरमुसतात. कारण आग्र्याच्या पानावर साधारण असं काहीतरी असतं: ताजमहाल पाहिला, उत्तम आहे, टांगा सव्वा रुपया, ऊन फार. ज्या माणसानं आपल्याला फिरण्याचं वेड लावलं, त्याला ताजमहालासमोर उभं राहून एवढंच सुचलं? मुलं वही मिटतात आणि फोटोंच्या अल्बमकडे वळतात. मला वाटतं, इथेच ती चुकतात. त्या वहीतलं सगळ्यांत मोलाचं जे असेल ते या रुक्ष ओळींतच असतं, आणि जिथे लेखणी वर्णनाच्या नादी लागलेली दिसते ती पानं बहुधा त्या मानानं पोकळ निघतात.

आधी हे पाहू, की हिशेब एवढा आलाच कुठून. केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलत मिळू लागली १९५६ साली. सुरुवातीला ती आपल्या गावी जाऊन येण्यापुरती होती, पुढे भारतभर फिरण्यासाठी मिळू लागली. सवलत घ्यायची तर बिल सादर करायचं, बिलासाठी तिकिटांचे नंबर आणि तारखा हव्यात. ज्या मध्यमवर्गानं उत्तर भारत पाहिला तो पुष्कळदा या सवलतीच्या आधारानं, त्यामुळे त्याच्या वहीत कचेरी डोकावते यात नवल नाही. मार्ग विचित्र दिसतो त्यालाही कारण असतं. पुण्याचा माणूस काशी, पुरी, मद्रास, रामेश्वर असा भलामोठा वळसा एका दमात का घालतो? रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर मैलामागे उतरत जातं, म्हणून सुट्ट्या तिकिटांपेक्षा एकच सर्क्युलर तिकीट काढून वाटेत उतरत जाणं स्वस्त पडायचं. आणि तारीख घातलेली नसली तरी पैसेच तारीख सांगतात. आण्यांत हिशेब असेल तर पान बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतलं, कारण १९६४ साली तो 'नये' शब्द गेला. पण हा झाला इतिहास. माझा मुद्दा थोडा पुढचा आहे. प्रत्येक आकड्यामागे एक निर्णय असतो. लॉजमध्ये तीन रुपये सांगितले म्हणून धर्मशाळेत उतरलो, अशी नोंद असेल, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे नावेतून घाट पाहायला चार रुपये दिल्याची असेल, तर त्या माणसाला कशाची हौस होती हे सांगायला आणखी विशेषणं कशाला हवीत? झोपेवर वाचवायचं आणि पाहण्यावर उधळायचं, हा त्या दोन ओळींमधला अर्थ आहे. ताजमहालाबद्दल चार पानं लिहिली असती तरी ती शेकडोंनी लिहिलेल्या चार पानांसारखीच झाली असती.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. माणसं प्रवासाबद्दल लिहितात त्यापेक्षा सांगतात छान. मग वहीपेक्षा आठवणी का ऐकू नयेत? आपल्याकडे याचं थोर उदाहरण आहे वरसईच्या विष्णुभट गोडशांचं. घरावर कर्ज झालेलं, उत्तरेत मोठा यज्ञ होणार असं ऐकलेलं, तेव्हा दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली हा गरीब भिक्षुक काकांना बरोबर घेऊन निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्यानं शहराच्या आत राहून पाहिला. 'माझा प्रवास' त्यानं लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवून, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. पुस्तक विलक्षणच आहे, त्याची सर रोजच्या हिशेबाच्या वहीला येणार नाही हे मी आधीच कबूल करतो. पण वेढ्यातला मनुष्य आणि पंचवीस वर्षांनी वेढा आठवणारा मनुष्य एक नव्हे. दुसऱ्याला शेवट ठाऊक आहे. राणीचं काय झालं हे त्याला ठाऊक आहे, आपण जिवंत घरी पोचणार हे ठाऊक आहे, आणि त्या बेतानं प्रसंग आपापल्या जागी बसतात. पुढे आणखी एक गोष्ट घडली. वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं तेव्हा मजकुरावर आपला हात फिरवला. गोडशांचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तो १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचकानं वाचले ते वैद्यांनी नीटनेटके केलेले गोडसे. आजची मुलं वडिलांची वही टाइप करून काढताना हिशेब गाळतात, 'पोट बिघडले' ही ओळ गाळतात, शुद्धलेखन सुधारतात, तेव्हा तीही प्रेमानं हेच करत असतात.

रोजच्या वहीला पुढचं ठाऊक नसतं, ही तिची खरी ताकद. हे धनुष्कोडीच्या उदाहरणानं फार चांगलं कळतं. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू प्रयागला न्यायची, या परंपरेमुळे कितीतरी मराठी यात्रेकरू त्या टोकापर्यंत जात. मद्रासला सेंट्रलवर उतरायचं, सामानसुमान घेऊन एग्मोर स्टेशन गाठायचं, तिथून लहान गेजची गाडी. बोट मेल नावाची गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्याजवळ जाई आणि तिथून तलैमन्नारला, म्हणजे सिलोनला, आगबोट सुटे. स्टेशन होतं, पोस्ट होतं, चर्च होतं. एक नांदतं गाव होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात समुद्र आत आला, पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट लाटांनी गिळली, आणि गाव संपलं. रेल्वे पुन्हा तिथवर गेली नाही. आता कल्पना करा, १९६३ च्या एखाद्या वहीत धनुष्कोडीच्या पानावर लिहिलंय की स्टेशनावर इडली बरी मिळाली, पाणी मचूळ, स्नान करून दुपारच्या गाडीनं परत. लिहिणाऱ्याला ही जागा महत्त्वाची वाटलेली नाही. तिथे पुन्हा केव्हाही येता येईल अशा बेफिकिरीनं त्यानं पाण्याची तक्रार केली आहे. हीच व्यक्ती तीस वर्षांनी आठवणी सांगायला बसली असती तर आवाज आपोआप खाली आला असता, समुद्र तेव्हाच कसा खवळलेला वाटत होता हेही आठवलं असतं. खोटं बोलायचं म्हणून कुणी असं करत नाही, स्मरणशक्तीचं कामच जुळवाजुळवीचं आहे. मचूळ पाण्याची ती तक्रार मात्र जुळवलेली नाही. त्या गावाचं तेव्हा नांदतं असणं तिच्यातच शिल्लक आहे. भग्न चर्चच्या आजच्या फोटोत ते सापडायचं नाही.

म्हणूनच 'त्या जागाच आता राहिल्या नाहीत, मग वही घेऊन जायचं कुठे?' हा प्रश्न मला उलटा वाटतो. केदारनाथच्या वाटेवरचं रामबाडा हे चहाफराळाच्या टपऱ्यांचं, दम खायचं ठिकाण जून २०१३ च्या प्रलयात वाहून गेलं, आणि तिथून पुढची पायवाट मंदाकिनीच्या दुसऱ्या काठानं नव्यानं काढावी लागली. गंगोत्रीला जाणाऱ्या बसगाड्या ज्या टिहरी गावातून जात ते जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून तोच प्रवास पुन्हा करायचा, तीच धर्मशाळा, तोच कोन साधून फोटो, अशी हौस हल्ली दिसते. हौसेला मोल नाही, पण मला ती थोडी वायफळ वाटते. रामबाड्यात चहा प्यायला मिळणार नाही. मिळेल ते एवढंच, की हा माणूस रामबाड्याला थांबला तेव्हा त्याला पुढे जाववत नव्हतं, त्यानं घोड्याचा भाव विचारला, सोडून दिला आणि चालत राहिला. आपली हौस त्या माणसाच्या हौसेशी जुळते की नाही, हे त्या घोड्यापाशी ठरतं. न जुळली तरी बिघडत नाही. वडिलांना पोचण्याची ओढ आणि मुलीला वाटेत रेंगाळण्याची, असं असू शकतं. दोघांच्या प्रवासप्रेमाला आपण सरसकट एकच नाव देतो, इतकंच.

आता कुणी म्हणेल, हे सगळं फोन आपोआप टिपतो. कुठे होतो, किती वाजता, किती पावलं चाललो, कुणाला किती पैसे पाठवले. खरं आहे, आणि अचूकपणात कुठलीही वही त्याच्यापुढे टिकणार नाही. पण दिलेले पैसे फोनला कळतात, न दिलेले कळत नाहीत. भाव विचारून सोडून दिलेला घोडा त्यात कुठेच नसतो.

अक्षरांकडेही जरा बघायला हवं. वही बहुधा वडिलांची समजली जाते, कारण खर्च त्यांच्या हातचा. पण पहिल्या पानावरची सामानाची यादी अनेकदा वेगळ्या वळणाची असते. तिच्यात मेतकूट, सुंठ, बाळाचं दुपटं, सेफ्टी पिना असतात, आणि घरी राहिलेल्या सासूबाईंच्या औषधाच्या वेळाही कोपऱ्यात टिपलेल्या असतात. प्रवास निघण्याआधी आठवडाभर तो कुणी चालवला होता, हे त्या यादीत दिसतं. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासाचं वृत्त १८८९ साली छापलं. म्हणजे मराठी बाई प्रवासावर लिहीत नव्हती असं मुळीच नाही. पण बहुतेक घरांत तिच्या वाट्याला आलेलं प्रवासलेखन ते एवढंच, यादी. ती वर्णन नाही म्हणून मुलं पान उलटतात.

राहिला खाजगीपणाचा प्रश्न. दुसऱ्याची डायरी वाचावी का? मनातलं लिहून कुलपात ठेवलेली वही आणि प्रवासखर्चाची वही यांत मी फरक करीन. प्रवासाची नोंद पुढच्यानं वाचावी ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, फक्त ती वही घरी नसायची, तीर्थाच्या ठिकाणी असायची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी पाहिल्या तर आडनाव आणि गाव सांगितल्यावर बाड बाहेर निघतं. त्यात पणजोबा केव्हा आले, बरोबर कोण होतं, कोणत्या कार्यासाठी आले, हे लिहिलेलं असतं, पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. तिथेही वर्णन नाही. गोदावरी कशी दिसली याबद्दल पणजोबांनी चकार शब्द काढलेला नसतो. पान मोडीत असेल तर उपाध्याय वाचून दाखवतात, आणि मग तीच वही, त्याच नावांच्या खालची जागा दाखवून, तारीख घालायला आपल्यापुढे सरकवतात.