शून्य सरासरीची वीज



अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रत्यावर्ती धारा, म्हणजे ठरावीक काळाने दिशा उलटवणारी विद्युतधारा, शिकवताना पहिल्या तासाला फळ्यावर ज्या-वक्र काढला जातो आणि दुसऱ्या तासाला सूत्रे सुरू होतात. त्या घाईत विद्यार्थ्याचा सर्वांत रास्त प्रश्न, पूर्ण आवर्तनात जिची सरासरी शून्य भरते ती धारा गिझर कशी तापवते, हा तसाच राहून जातो. उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असते आणि वर्ग कधी ऋण होत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. म्हणूनच क्षणोक्षणीच्या मूल्यांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, तिचे वर्गमूळ घेतले जाते. तितक्याच मूल्याची दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी स्थिर धारा त्याच रोधात तितकीच उष्णता देते. घरातले २३० व्होल्ट हे असे मूल्य आहे, शिखर मात्र सुमारे ३२५ व्होल्टचे असते.

याहून खोल गैरसमज इलेक्ट्रॉनांविषयीचा आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअर प्रत्यावर्ती धारा असताना धारेमुळे इलेक्ट्रॉनांची मागेपुढे होणारी सरासरी हालचाल मधल्या जागेपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीलाही पोहोचत नाही. वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन मुलुंडच्या पंख्यापर्यंत कधी येतच नाही, येते ती ऊर्जा. हे गणित विद्यार्थ्यांकडून एकदा करवून घेतल्यास ‘वीज वाहते’ या शब्दप्रयोगाची मर्यादा त्यांना आपोआप कळते.

उपनगरांतील अध्यापकाला याहून मोठे उदाहरण रुळांवर उपलब्ध आहे. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला धावलेली पहिली विद्युत गाडी आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली सुरू झालेली विद्युत वाहतूक १,५०० व्होल्ट दिष्टधारेवर चालत होती. त्या दिष्ट व्यवस्थेच्या जागी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती व्यवस्था पश्चिम मार्गावर २०१२ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पूर्ण झाली. ३,००० किलोवॉट शक्तीसाठी जुन्या तारेत २,००० अँपिअर लागत, नव्या तारेत १२० पुरतात, आणि तारेतली हानी धारेच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने, तारेचा रोध तोच धरल्यास, ती सुमारे पावणेतीनशे पटींनी घटते. हा लाभ मुळात उच्च व्होल्टतेचा आहे, प्रत्यावर्तनाचा नव्हे. प्रत्यावर्तनाचे श्रेय इतकेच की रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, व्होल्टता सहज चढवू-उतरवू शकते. पाठ्यपुस्तकी भाषेत हा फरक पुसट होतो. गंमत अशी की नव्या गाडीच्या पोटात रोहित्रानंतर धारा आधी दिष्ट होते आणि मग मोटरींसाठी पुन्हा तीन कलांची प्रत्यावर्ती.

खरी अडचण ‘कला’ या शब्दाशी, म्हणजे आवर्तनातील स्थितीशी येते. वेटोळ्यात धारा शून्यातून जात असते तेव्हाच ती सर्वांत वेगाने बदलते, म्हणून तेव्हाच व्होल्टता शिखरावर असते. ५० हर्ट्झला व्होल्टतेची ही पाव आवर्तनाची आघाडी ५ मिलिसेकंदांची भरते. फेजर, म्हणजे फिरता बाण, हे दाखवण्याचे साधन आहे, परंतु क्लासच्या वह्यांत तो केवळ त्रिकोण सोडवण्याची युक्ती होऊन बसतो. अनुनादाची दहा उदाहरणे कमी करून फेजरचा एक तास वाढवणे अधिक श्रेयस्कर होय.

कलेचे उदाहरणही रुळांवरच आहे. रेल्वेच्या शेजारशेजारच्या उपकेंद्रांना पुरवठा वेगवेगळ्या कलांवरून होत असल्याने त्यांच्या तारांमध्ये ‘न्यूट्रल सेक्शन’ नावाचा निर्विद्युत तुकडा ठेवलेला असतो आणि गाडी तो वेगाच्या जोरावर ओलांडते. दोन्ही बाजूंना मीटर २५,००० व्होल्टच दाखवतो, तरी कलांतर १२० अंश असल्यास तारांमधला फरक सुमारे ४३,००० व्होल्ट असतो. दोन्हीकडे आकडा एकच असताना तारा जोडून का टाकत नाहीत, हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारावा आणि उत्तर सूत्राने नव्हे, दोन बाण काढून मागावे.