पो येथील आटोपशीर गोल्फ-मैदान

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडे, पो नांवाचें शहर आहे. त्याला लागूनच असलेल्या बिलेर गांवच्या सखल भूमींत, गाव्ह नदीच्या कांठीं, एक गोल्फचें मैदान आहे. तें इ. स. १८५६ मध्यें स्थापन झालें. युरोपखंडाच्या मुख्य भूमीवरील पहिलें गोल्फ-मैदान तें हेंच, असें मानतात. गंमत अशी कीं, कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा! म्हणजे स्कॉटलंडचा हा खेळ शेजारच्या फ्रान्समध्यें रुजण्याच्या सत्तावीस वर्षें आधींच बंगालच्या मातींत रुजला होता.

१८१४ सालीं ऑर्थेझच्या लढाईनंतर वेलिंग्टनच्या सैन्यांतील स्कॉटिश अधिकारी येथें हा खेळ खेळले, अशी आख्यायिका आहे. परंतु पो शहराचें भाग्य उघडलें तें एका वैद्याच्या लेखणीनें. डॉक्टर अलेक्झांडर टेलर यांनीं १८४२ मध्यें येथील हवेच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला, आणि ब्रिटिश मंडळी हिवाळा घालविण्यासाठीं येथें लोटूं लागली. हवा खावयास आलेल्या या पाहुण्यांनीं आपला खेळही बरोबर आणला.

आपल्याकडील मुलें गोट्या खेळतांना जशी गल करतात, तसे अठरा खळगे या मैदानांत आहेत. आणि ६९ टोल्यांत ते सर्व साधावे, अशी अपेक्षा असते. मैदानाची एकंदर लांबी साडेपांच हजार मीटरांच्या आंतच भरते. उलट आजच्या मोठ्या सामन्यांचीं मैदानें साडेसहा हजारांच्याही पुढें जातात. मैदान लहान, म्हणून खेळ सोपा, असें मात्र कोणीं समजूं नये. येथें मनगटांतील जोरापेक्षां नजरेंतील अंदाज अधिक उपयोगीं पडतो.

मग मैदानें लांबत कां गेलीं? याचें उत्तर चेंडूंत आहे. पूर्वीं कातड्यांत पिसें ठासून चेंडू करीत. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला आणि शतकाच्या अखेरीस रबराचा. चेंडू अधिकाधिक दूर जाऊं लागला, तसतशी भूमीही अधिक लागूं लागली. अखेर डिसेंबर २०२३ मध्यें खेळाच्या नियामक संस्थांनाच चेंडूच्या पल्ल्याला आळा घालण्याचा निर्णय जाहीर करावा लागला.

भूमीबरोबर पाणीही लागतें. २०२२ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समध्यें भीषण अवर्षण पडलें. शंभरांहून अधिक गांवांत पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली. तरीही गोल्फच्या खळग्यांभोंवतालच्या हिरवळीस पाणी देण्याची मुभा होती. तेव्हां तुलूझच्या परिसरांत कांहीं संतप्त लोकांनीं खळगेच सिमेंटनें बुजवून टाकले. त्यांचा मार्ग कोणास पटो वा न पटो, त्यांनीं उभा केलेला प्रश्न खोटा नव्हता.

अशा वेळीं पोच्या त्या जुन्या मैदानाकडे लक्ष जातें. पाणी त्यालाही लागतेंच. परंतु खेळाचा आनंद भूमीच्या विस्तारावर अवलंबून नसतो, एवढें तें निःसंशय दाखवून देतें. गरजेपुरतें घ्यावें आणि त्यांतच कौशल्य दाखवावें, ही जुनी शिकवण त्या आटोपशीर हिरवळीवर आजही टिकून आहे.