हँडगार्ड घ्यावा तो सांधा बघून

हैदराबादच्या बालानगरातल्या कसलेल्या फिटरच्या हातात रायफलीवर साधनं बसवायची वीतभर लांबीची रेल दिली, तर तो तिची चकाकी न्याहाळत बसत नाही. खिशातला व्हर्निअर काढतो. खाचेची रुंदी 5.23 मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत 10.01 मिलिमीटर. एवढं जुळलं की रेल कुणी कापली, कुठल्या गावात कापली, हे प्रश्न मागे पडतात. हे माप न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराचं. अमेरिकी लष्कराने 1995 मध्ये ते प्रमाण म्हणून स्वीकारलं आणि एका कंपनीची दुर्बीण दुसऱ्या कंपनीच्या रायफलीवर निमूटपणे बसू लागली.

हैदराबादकरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा आणि हैदराबादची द्वीपा आर्मर ही कंपनी यांनी मिळून घडवलेली 'उग्रम' रायफल 8 जानेवारी 2024 रोजी पुण्यात लोकांसमोर आली. 7.62 मिलिमीटरची, चार किलोच्या आत वजनाची, पाचशे मीटर पल्ल्याची. त्यानंतर आयकॉम या हैदराबादच्या कंपनीने अमिरातीच्या काराकल कंपनीबरोबर इथे छोट्या शस्त्रांचा कारखाना उघडला. याच एआरडीईच्या जुन्या 'इन्सास' रायफलीवर मुळात आजच्यासारखी रेल नव्हती. दुर्बीण, टॉर्च, लेझर हे सगळं नंतर आलं, आणि ते लटकवायचं कुठे हा प्रश्नही नंतरच आला.

उत्तर आहे हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं ते आवरण, जिथे नेमबाजाचा पुढचा हात असतो. त्याचं मूळ काम साधं: सलग गोळ्या झाडल्यावर तापलेल्या नळीपासून हात वाचवायचा. रेल आल्यावर त्याच्यावर दुसरं काम पडलं, ओझं वाहायचं, तेही हलू न देता.

आधी धातू पाहू. पोलादाचा हँडगार्ड मजबूत, पण ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. पुढे वजन वाढलं की हात लवकर थकतो. प्लास्टिकचा हलका, स्वस्त, हाताला गार. पण लेझरसारखं नेमकं साधन लावलं तर तो उष्णतेने आणि दाबाने किंचित वाकतो आणि नेम चुकायला तेवढं पुरतं. उरला ॲल्युमिनियम. त्यातही दोन जाती बाजारात भेटतात. 7075 मध्ये जस्त असतं. ताकद भरपूर, पण महाग आणि साच्यातून काढायला हट्टी. 6061 मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. ताकद 7075 च्या निम्म्याहून थोडी जास्त, पण लांब नळ्या साच्यातून सहज निघतात, मग मशिनवर फक्त खाचा कापायच्या. पैसे वाचतात ते इथे. वर साधारण 50 मायक्रॉन जाडीचं कडक ॲनोडायझिंग हवं. नुसता काळा रंग मारलेला माल पहिल्या पावसाळ्यात ओळखू येतो.

आता सांधा. स्वस्त आणि टिकाऊ यांची खरी परीक्षा इथे होते आणि जाहिरातीच्या फोटोत नेमका हाच भाग दिसत नाही. हँडगार्ड नळीला पुढे कुठेच टेकत नसेल, फक्त मागे नटावर आवळलेला असेल, तर नळीवर हाताचा दाब पडत नाही आणि नेम चांगला राहतो. पण मग सगळा भार त्या मागच्या एका सांध्यावर येतो. दोनच स्क्रूंनी चिमटलेला हँडगार्ड काही काळाने नळीभोवती केसभर फिरू लागतो, आणि वरच्या रेलवरची दुर्बीण त्याच्याबरोबर फिरते. म्हणून फिरणं अडवणारी खुंटी किंवा खोबण आहे का, आणि नटाचे आटे किती लांब आहेत, हे आधी पाहावं.

दुसरा प्रश्न बाजूंचा. चारी बाजूंनी पिकाटिनी रेल म्हणजे वजन आणि तळहाताला ओरखडे. म्हणून वर सलग रेल ठेवून बाजूंना नुसती भोकं ठेवायची पद्धत आली. 2012 च्या सुमारास की-मॉड आला, 2014 मध्ये मॅगपूल कंपनीचा एम-लॉक. दोन्हींची अमेरिकी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने चाचणी घेतली आणि 2017 मध्ये निकाल उघड झाला. साधन काढून परत बसवलं की नेम किती सरकतो? एम-लॉकमध्ये सरासरी कोनाची 1.3 मिनिटं, की-मॉडमध्ये 4.9. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे 2.9 सेंटिमीटर. म्हणजे एकीकडे चार सेंटिमीटरच्या आत, दुसरीकडे चौदा. ओढून तोडायच्या परीक्षेतही एम-लॉकने तिपटीहून जास्त भार सोसला. की-मॉडचा आराखडा सर्वांना खुला होता; एम-लॉकला परवाना लागतो, पण त्याचे पैसे लागत नाहीत. फुकटातलं कोणतं टिकलं, ते बाजाराने पाहिलं.

असे हँडगार्ड इथे हैदराबादेत बनू शकतात का? बालानगरातच 1968 पासून केंद्रीय टूल डिझाइन संस्था आहे, कांचनबागेत डीएमआरएल ही धातूंची प्रयोगशाळा आहे, बालापूरला एआरसीआय ही संशोधन संस्था आहे आणि तिथे ॲल्युमिनियमवरचे कडक लेप तयार करण्याचं तंत्र विकसित झालं आहे. मापं ठरलेली, धातू परिचयाचा. अडसर कायद्याचा आहे, आणि तो असायलाच हवा: 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश होतो, त्यामुळे परवान्याशिवाय असली कामं हातात घेता येत नाहीत.

परवाना असलेल्या कारखान्याला आणि सुरक्षा दलांसाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती. निविदेत वजन आणि किंमत लिहिता, तिथेच आणखी एक ओळ घाला: हँडगार्ड बसवावा, लेझर लावावं, शंभर गोळ्या झाडाव्यात, लेझर काढून दहा वेळा परत बसवावं, आणि प्रत्येक वेळी नेम किती सरकला ते कागदावर मांडावं. जो माल या कागदावर नापास होतो, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.